अण्णांचं आहारखातं

पुण्यात निवृत्त झालेल्या माणसाला एक खातं लागतं. पेन्शनचं नव्हे, ते असतंच. हिशेब मांडायला, दुसऱ्यांच्या चुका काढायला आणि सकाळी सात वाजता लोकांना जिन्यात अडवायला एखादं खातं हवं. कुणी सोसायटीच्या पाण्याचं घेतो, कुणी पार्किंगचं, कुणी शुद्धलेखनाचं. आमच्या मजल्यावरच्या अण्णांनी पृथ्वीचं घेतलं.

अण्णा मूळचे कोल्हापूरकडचे, पंचगंगेकाठच्या एका गावातले. एका राष्ट्रीयीकृत बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाले. उंची बेताची, आवाज मात्र काउंटरच्या काचेपलीकडं रांगेच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा. शर्टाच्या खिशात अजून दोन पेनं असतात; निळं जमेसाठी, लाल नावेसाठी. नोकरीत त्यांनी जे खाल्लं ते मोजून खाल्लं, असं त्यांचा शत्रूही म्हणणार नाही. (खाल्लं म्हणजे जेवणाचं म्हणतोय.) त्यामुळे त्यांच्या रक्ततपासणीत कोलेस्टेरॉल वर निघालं, याचं कुणाला नवल वाटलं नाही. नवल पुढं घडलं.

डॉक्टर म्हणाले, "मटण कमी करा, भाज्या वाढवा." अण्णांनी ते कानाआड केलं. त्याच आठवड्यात बॉस्टनच्या मुलानं ईट-लॅन्सेट आयोगाचा जानेवारी २०१९चा अहवाल पाठवला. १६ देशांतले ३७ शास्त्रज्ञ एकत्र बसून म्हणत होते, "मटण कमी करा, भाज्या वाढवा." अण्णांना ते ताबडतोब पटलं. एका डॉक्टरचं ऐकलं तर आपण पेशंट ठरतो. सदतीस शास्त्रज्ञांचं ऐकलं की जागतिक नागरिक.

२०५० साली जगात हजार कोटींच्या आसपास माणसं असतील, त्या सगळ्यांना पोटभर घालायचं आणि पृथ्वीही शिल्लक ठेवायची, तर रोज कुणी काय आणि किती खावं, याचा तक्ता त्या अहवालात आहे. अण्णांनी तो छापून, लॅमिनेट करून फ्रिजवर चिकटवला. सोनाराला शोभेल असा डिजिटल काटा आणला. तक्ता ग्रॅममध्ये आहे. भाज्या ३००, फळं २००, कडधान्यं ७५, दाणे-बदाम-अक्रोड मिळून ५०, साखर ३१, दूधदुभतं २५०. इथवर ठीक होतं. पुढं लाल मांस, १४.

चौदा ग्रॅम मटण कोल्हापुरात चुलीपाशीच देतात, मीठ बरोबर पडलंय का बघायला. अण्णांनी त्या आकड्याकडं बराच वेळ पाहिलं. एखाद्या खातेदाराच्या सहीत गडबड असावी तसं उजेडात धरून पाहिलं. चौदाच होते.

अंड्याचे १३ ग्रॅम होते. म्हणजे रोज पाव अंडं. वहिनी पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "आणि उरलेलं पाऊण कुठं ठेवू?" वहिनी वेंगुर्ल्याच्या. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण राग आला की त्या अजून घाट उतरून खाली जातात. माशांच्या ओळीत २८ ग्रॅम वाचल्यावर त्या तडक खाली उतरल्या. "अठ्ठावीस ग्राम? मेल्यांनी बांगडो कधी बघलो तरी हा काय?"

अहवालाची टर उडवायचा माझा हेतू नाही. जगातल्या हरितगृह वायूंपैकी चौथ्या हिश्शाहून जास्त वायू आपल्या जेवणाच्या पाठीमागं आहेत. गाई-बकऱ्यांच्या ढेकरा, पाण्यानं तुंबलेली भातखाचरं, जंगल तोडून काढलेली कुरणं, खतं, असं सगळं त्यात येतं. तक्ता शहाण्या माणसांनी केलेला आहे. त्यात बहुतेक ओळींना किमान-कमालही दिलंय, लाल मांसाला तर शून्यापासून दुपटीपर्यंत. पण अण्णा बँकेचे. मधला आकडा दिसला की तोच खरा.

पहिले दोन महिने अण्णांचं खातं परदेशी चलनात चाललं. मुलानं सांगितलं म्हणून दीड-दोनशेला एक असा अवाकाडो आला. तो सोमवारी दगड होता, बुधवारी काळा पडला. मंगळवारी रात्री कधीतरी तो खाण्यालायक होऊन गेला असावा. मग क्विनोवा, चिया, बदामाचं दूध. किराण्याचं बिल दुपटीच्या पुढं गेलं, तशी अण्णांची छातीही. एका संध्याकाळी मला थांबवून म्हणाले, "माहितीय का, या आहाराचा खर्च जगभर काढून बघितला लोकांनी. किमान एकशे अठ्ठावन्न कोटी माणसांना हा परवडत नाही."

"मग अवघडच आहे की, अण्णा."

"आहेच!" असे खुलले, की बाकीच्या सगळ्यांना परवडतो, त्यात आपलाही नंबर लागला, एवढंच त्यांनी त्या आकड्यातून उचललं असावं. वास्तविक त्याच अभ्यासात खरी गोम पुढं आहे. या ताटातला सगळ्यात मोठा खर्च मांसाचा नाही, फळं-भाज्यांचा आहे, जवळपास एकतृतीयांश. आपल्याकडं सगळे समजतात की गरिबाला मटण परवडत नाही. रोज तीनशे ग्रॅम भाजी आणि दोनशे ग्रॅम फळं चार माणसांना घालायची, तर दिवसाला दोन किलो झाली. मंडईत उभं राहून हा गुणाकार करून बघावा.

मुलाचा फोन आला आणि अवाकाडोच्या बागा पाणी किती ओढतात ते कळलं, तसं परदेशी खातं बंद झालं. अण्णा स्थानिक झाले. त्यासाठी दर रविवारी गाडी काढून मुळशीकडच्या एका सेंद्रिय शेतावर जायचं, स्वतःच्या हातानं भाजी तोडायची आणि फोटो काढून घरी यायचं. जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर. दुसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या मुलीनं लिफ्टमध्येच हिशेब केला. "काका, तुमची गाडी लिटरला बारा देते. म्हणजे सहा लिटर पेट्रोल. लिटरला दोन किलो तीनशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. दोन जुड्या पालकावर चौदा किलो चढला." शिवाय तिनं हेही सांगितलं, की २०१८ साली 'सायन्स'मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात, ११९ देशांतल्या अडतीस हजारांवर शेतांचा हिशेब आहे, आणि त्यात अन्नाच्या एकूण उत्सर्जनातला वाहतुकीचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास निघालाय. काय खाता हे मोठं, कुठून आणता हे लहान. नारायणगावचा टोमॅटो ट्रकमध्ये हजारो भावंडांबरोबर येतो, त्याच्या वाट्याला डिझेलचे थेंब येतात. अण्णांचा पालक एकटा, मागच्या सीटवर, एसीत येत होता.

अण्णांनी ऐकून घेतलं. "म्हणून तर मी सकाळी लवकर निघतो," म्हणाले, "ट्रॅफिक नसतं."

मात्र त्या अभ्यासाचा पुढचा तक्ता त्यांनी तिच्याकडून मागून घेतला, आणि त्यानं आमच्या सोसायटीची शांतता गेली. त्यात चीजचा आकडा किलोमागं कोंबडीच्या दुपटीहून जास्त आहे. किलोभर पनीरला पाच-सहा लिटर दूध आटतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण म्हशीला कुणी दोषी धरत नाही. अण्णांनी ते गणेशोत्सवाच्या मीटिंगमध्ये धरलं. महाप्रसादात पनीर ठेवण्यापेक्षा चिकन ठेवणं पृथ्वीच्या हिताचं, असं ते बोलून गेले. गणपतीच्या महाप्रसादात! पुढची दोन वर्षं त्यांना वर्गणी मागायलाही कुणी आलं नाही. अण्णांनी ती रक्कम जमेच्या बाजूला मांडली.

पण सोसायटीनं त्यांना खरी वाळीत टाकायची वेळ आली ती चाकवतामुळं.

कोपऱ्यावर हातगाडीशेजारी पोतं टाकून एक भाजीवाल्या मावशी बसतात. थंडी सुरू झाली की त्यांच्याकडं चाकवत येतो. मऊ, पिठुळलेली पानं, जरा ओशाळल्यासारखा रंग. त्या दिवसांत पंधरा रुपयांना जुडी होती. ताक लावून, शेंगदाणे-हरभऱ्याची डाळ घालून भाजी करणाऱ्या चार-पाच घरांपलीकडं त्याला गिऱ्हाईक नसे. अण्णांनी कुठंतरी वाचलं की क्विनोवा आणि चाकवत एकाच कुळातले, सख्खे म्हणावेत असे. दोघांचंही वनस्पतिशास्त्रातलं आडनाव चेनोपोडियम. हे खरं आहे. पण ते त्यांनी जुडी हातात उंच धरून, सकाळी आठ वाजता, भर गर्दीत सांगितलं. "जे लोक दक्षिण अमेरिकेतनं शेकड्यानं पैसे मोजून आणतात, त्याचा हा भाऊ! पंधरा रुपयांत!"

मावशी पालक निवडता निवडता ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी चाकवत पंचवीसला झाला. तिसऱ्या दिवशी चाळीस, आणि वेगळ्या टोपलीत, वर ओलं फडकं.

"अहो, काल पंचवीस होता!"

"त्याचा भाऊ फॉरेनला असतोय," मावशी म्हणाल्या.

बोलिव्हियात दहा-बारा वर्षांपूर्वी क्विनोवाचं जे झालं, तेच आमच्या कोपऱ्यावर आठवड्यात घडलं. मोठ्या लोकांनी कौतुक केलं आणि भाव चढला. ज्या चार-पाच घरांत चाकवत खात होते त्यांनी तो सोडला; ज्यांनी कधी खाल्ला नव्हता त्यांनी नेला, आणि ताक लावायचं असतं हे माहीत नसल्यानं कोशिंबिरीत कच्चा घातला. शेवग्याच्या पाल्याचंही असंच झालेलं आहे. कालपर्यंत कंपाउंडबाहेर झाडून टाकत होतो तो आता वाळवून, डबीत भरून मिळतो. आमच्या शेजारच्या आजी तेव्हापासून अण्णा दिसले की हात जोडतात. "अण्णा, एवढी कृपा करा. शेपूबद्दल काही बोलू नका."

अण्णांच्या खात्यात एक पान कोरं आहे, ते मला फार आवडतं. बदामाला नाव ठेवायची त्यांना हौस. जगातले पाचातले चार बदाम कॅलिफोर्नियात पिकतात, आणि एकेका दाण्यामागं चारेक लिटर पाणी जातं. वहिनींनी रात्री बदाम भिजत घातले की अण्णा वाटीकडं बघून म्हणतात, "दहा दाणे. चाळीस लिटर." एकदा मी सहज विचारलं, "आणि गावाकडच्या उसाचं काय, अण्णा?"

महाराष्ट्रात ऊस एकूण पिकाखालच्या जमिनीत चार-सहा टक्के असेल, पण सिंचनाच्या पाण्यातला साठ-सत्तर टक्के वाटा तोच पितो, हे आता शाळेतली पोरंही सांगतात. अण्णांची भावाबरोबर सामाईक पावणेदोन एकर आहे, सगळी उसाखाली. ते थोडे लाल झाले. "तो ऊस वेगळा. तुम्ही म्हणताय तो सोलापूरकडचा. तिथं पाऊस नाही, तिथं लावणं पापच. आमच्याकडं आभाळ फाटून पडतंय, पंचगंगा दर साली घरात येते. आमचा ऊस नुसता उभा असतो, पाणीच त्याच्याकडं येतं." यात तथ्य आहे, म्हणून मी गप्प बसलो. दिवाळीला कारखान्याची सभासदांची साखर आली. सवलतीच्या दरातली, पोतंभर. तक्त्याप्रमाणे माणशी दिवसाला एकतीस ग्रॅम. पोत्याला काटा लावलेला मी पाहिला नाही.

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं. सरकारनं ज्वारी-बाजरी-नाचणीला 'श्री अन्न' म्हटलं. अण्णांकडं पोळी बंद होऊन भाकरी सुरू झाली. त्यांच्याकडं स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी मंगळवेढ्याच्या. त्यांनी पहिलं काम केलं ते महिन्याला दोनशे रुपये वाढवून मागण्याचं. पोळी लाटता येते, भाकरी थापावी लागते, आणि गॅससमोर उभं राहून एकेक फुगवावी लागते. अण्णांनी दोनशे 'पर्यावरण' या सदराखाली टाकले.

मावशींना शिकवायला अण्णांना विशेष उत्साह. मी तिथं चहाला बसलो होतो. "तुमच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, मावशी. त्या मालदांडीसारखं कमी पाण्यात, नुसत्या ओलीवर येणारं दुसरं धान्य नाही. तुम्ही रोज तीच खात असाल?"

"न्हाई बा. मानांकन मिळाल्यापासनं घेतलीच न्हाई," मावशी परातीतलं पीठ मळत म्हणाल्या. "साठ रुपये किलो झाली. रेशनला गहू-तांदूळ फुकट मिळतुया, माणशी पाच किलो. ज्वारीला पैसं कोण घालंल? आन पोरांना भाकर नको, नूडल पायजे."

"आणि लहानपणी काय खायचात?"

भाकरी थांबली नाही. तव्यावर पाण्याचा हात फिरवता फिरवता मावशी सांगत गेल्या. भाकरी, हुलग्याचं माडगं, मटकी, शेंगदाण्याची चटणी. रानात गेलं की तांदुळजा, पाथरी, कोवळ्या करडईची भाजी. दूध चहापुरतं. मटण जत्रंला. बहात्तरच्या दुष्काळात त्या अगदी लहान होत्या. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो आली होती, तिच्या भाकरी घशाखाली उतरत नसत, असं आई सांगायची. अण्णा लिहून घेत होते. निळं पेन. मधून मधून फ्रिजवरच्या तक्त्याकडं बघत होते आणि त्यांचा चेहरा उजळत चालला होता. मावशींच्या आईचं ताट ओळीला ओळ जुळत होतं. कडधान्य होतं, भरडधान्य होतं, पालेभाजी होती. लाल मांस तर चौदाच्याही आत.

"मावशी!" अण्णा उभेच राहिले. "अहो, सगळं जग जे आत्ता शोधतंय ते तुमच्या घरात होतं. पृथ्वीला परवडणारी माणसं म्हणजे तुम्ही!"

मावशींनी फुगलेली भाकरी चिमट्यानं उचलली, दुरडीत टाकली. "कशाचं परवडणं, अण्णा. उपाशी हुतो."

अण्णांनी लाल पेन काढलं. मग निळं काढलं. दोन्हींची टोपणं उघडली, दोन्ही रकान्यांकडं पाहिलं आणि दोन्ही पेनं परत खिशात ठेवली. त्या दिवशी त्यांनी भाकरी मोजली नाही.

पुढच्या महिन्यात त्यांनी मंगळवेढ्याहून ज्वारीची दोन पोती मागवली, आणि त्यातलं एक मावशींना दिलं. मावशींनी ते घेतलं, दळणाचे पैसे वेगळे मागितले आणि भाकरीचे दोनशेही सोडले नाहीत. वहिनींना हे फार आवडलं.

आता मटणाचं सांगतो. त्या चौदा ग्रॅमवर अण्णा अखेर कसे जगले, हा प्रश्न सगळ्यांना होता. उत्तर बँकेचं होतं. तक्त्यात 'दिवसाला चौदा ग्रॅम' असं आहे. 'त्याच दिवशी खाल्लेच पाहिजेत' असं कुठंही नाही. अण्णांनी रिकरिंग काढलं. रोज चौदा ग्रॅम न खाता जमा करायचे. वर्षाअखेर पाच किलो एकशे दहा ग्रॅम. शिवाय कोंबडीचे रोजचे एकोणतीस ग्रॅम होते, तेही त्यांनी शिवले नव्हते. ते मटणाच्या खात्यात वर्ग करता येतात का, याचा अर्ज अण्णांनी अण्णांकडं केला. विचारांती मंजूर झाला, पण एकास एक नव्हे; 'सायन्स'च्या त्याच तक्त्यात मटणाचं उत्सर्जन कोंबडीच्या चौपट आहे, तेव्हा चार ग्रॅम कोंबडीला एक ग्रॅम मटण, हा विनिमय दर. सगळं मिळून सात किलो सातशे छप्पन्न ग्रॅम. गावच्या म्हाईला, म्हणजे मटणाच्या पंगतीला, मुदत पूर्ण.

म्हाईला मला आग्रहानं नेलं. रानात मांडव, चुलीवर हंडे. भाऊ वाढत होता आणि अण्णा मांडी घालून बसले होते, काटा पुण्यात ठेवून. सुक्कं झालं, खिमा झाला, पुन्हा सुक्कं झालं. तांबडा आणि पांढरा हे द्रव पदार्थ असल्यानं तक्त्यात येत नाहीत, असं त्यांनी मला वाडगं तोंडाला लावण्याआधी समजावलं. किती शिल्लक राहिले विचारलं तर म्हणाले, "आहेत अजून साडेसहा किलो. उद्या नळ्या आहेत." तिसऱ्या दिवशी सकाळी खातं ओव्हरड्राफ्टमध्ये गेलं, तेव्हा त्यांनी पुढच्या वर्षाच्या ठेवीवर उचल घेतली.

परत आल्यावर त्यांना जाणवलं की घरात माशांचा वास आहे. बुधवार होता. शुक्रवारीही होता, रविवारीही. ताटात आख्खी सुरमईची तुकडी, शेजारी तळलेल्या बांगड्याची जोडी. अण्णांनी फ्रिजकडं बोट केलं.

"अठ्ठावीस ग्रॅम," ते म्हणाले.

वहिनींनी चष्मा लावून कागद पुढं केला. अठ्ठावीस गुणिले तीनशे पासष्ट, दहा किलो दोनशे वीस. त्याखाली तेवढीच दुसरी रक्कम, अण्णांच्या नावची. काट्याच्या भीतीनं अण्णांनी चाळीस वर्षांत माशाला हात लावलेला नाही.

"माझ्या हिश्शाला माझी सही लागेल," अण्णा म्हणाले.

"कशाला? खातं जॉइंट आहे," वहिनी बांगड्याचा काटा सोडवत म्हणाल्या. "आयदर ऑर सर्व्हायव्हर."